‘नक्की वाचा’ हे मत नव्हे

पुस्तकाचा फोटो, शेजारी चहाचा कप, वर दोन शब्द: ‘नक्की वाचा’. माझं म्हणणं सरळ आहे. हे मत नव्हे. ही जाहिरात आहे, तीही फुकट केलेली, आणि तिची किंमत दुसराच कुणीतरी भरतो.

कोण भरतो ते सांगते. मी शहापूरला राहते आणि रोज आसनगावहून लोकल पकडून ठाण्याला नोकरीला जाते. आमच्या तालुक्यात गाइडं, वह्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं सहज मिळतात. नुकतीच आलेली कादंबरी हवी असेल तर कल्याण, ठाणे नाहीतर दादर गाठायचं, किंवा ऑनलाइन मागवून कुरिअरवाल्याच्या फोनची वाट बघायची. शेजारच्या मुरबाडला तर रेल्वेही नाही. एसटीनं कल्याणला यायचं आणि मग पुढचं बघायचं. एवढं करून पुस्तक साडेचारशेचं. भात लावायला दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईला त्या दिवसाची जेवढी मजुरी मिळते, त्याहून ते बहुतेक वेळा महागच पडतं.

दादरच्या माणसाला कुणी ‘नक्की वाचा’ म्हटलं आणि पुस्तक टुकार निघालं, तर तो ते कपाटात सरकवतो आणि पुढच्या पुस्तकाकडे वळतो. आमच्याकडची अकरावीतली मुलगी तुमच्या स्टेटसवर विश्वास ठेवून तीन महिने पैसे साठवते. तिचं पुस्तक टुकार निघालं तर साडेचारशे रुपये जातात आणि त्यांच्यासोबत आणखीही काहीतरी जातं. एवढ्या लोकांना आवडलेलं आपल्याला आवडलं नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, वाचणं हे आपलं कामच नाही, असं ती मनाशी ठरवून टाकते. एका खोट्या ‘अप्रतिम’नं एक वाचक कायमचा जाऊ शकतो. म्हणून मला या गुळमुळीतपणाचा राग येतो.

भीड

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. मराठी पुस्तकांच्या जगात तर ती सख्खी बहीण आहे. लेखक फेसबुकवर मित्र असतो. प्रकाशकानं पुस्तक भेट म्हणून पाठवलेलं असतं. उद्या आपलंही पुस्तक येणार असतं. बरं, यातलं काहीच नसलं तरी एक भीती असतेच: पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाला नावं ठेवली तर लोक म्हणतील, हिला कळलंच नाही. मग आपण सुरक्षित शब्द उचलतो. अप्रतिम. अंतर्मुख करणारं. हादरवून टाकणारं. प्रत्येकाच्या संग्रही असावं असं.

हे शब्द तपासायची एक सोपी युक्ती आहे. वाक्यातलं पुस्तकाचं नाव काढून दुसऱ्या पुस्तकाचं टाका. वाक्य तसंच्या तसं चाललं, तर ते त्या पुस्तकाबद्दल नव्हतंच. आज रात्री तुमच्या फोनवरच्या दहा पोस्टींवर हे करून बघा. किती उरतात ते मला सांगा.

आपली भाषा जन्मापासून अशी भिडस्त नव्हती. 1885 साली न्यायमूर्ती रानड्यांकडून जोतीराव फुल्यांना मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण गेलं, तेव्हा त्यांनी नकाराचं पत्र धाडलं. ज्यांच्या पुस्तकांशी आमच्या दुःखाचा मेळ बसत नाही, त्यांच्या सभेत आम्ही कशाला बसायचं, असा त्या पत्राचा रोख होता. 1969 साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी केली. ते बरोबर होते की चूक, हा वाद अजून संपलेला नाही. मी कुणाला काही जाळायला सांगत नाही. पण या लोकांना साहित्याबद्दल काहीतरी वाटत होतं, आणि ते कशासाठी वाटतंय हे त्यांना ठाऊक होतं. आपण मात्र अंगठा दाखवतो आणि पुढे सरकतो.

नुसतं दुसऱ्यांना नावं ठेवून भागणार नाही. गेल्या काही महिन्यांत वाचलेल्या, काही पुन्हा वाचलेल्या पुस्तकांवर माझी मतं इथेच मांडते. पटली नाहीत तर भांडा. तेच हवं आहे.

‘प्रेरणादायी’ नावाचं झाकण

शरद बाविस्करांचं ‘भुरा’ आमच्याकडच्या पोरांच्या हातात मी सगळ्यात जास्त पाहिलंय. दहावीत नापास झालेला खानदेशातला मुलगा, कष्ट करत, एकामागून एक भाषा शिकत, जेएनयूत प्राध्यापक होतो. या पुस्तकाला एक शब्द चिकटला तो चिकटलाच: प्रेरणादायी.

मला ते पुस्तक वेगळं दिसलं. त्यात एक भांडखोर माणूस आहे. शाळा कशी शिकवते, इंग्रजीची दहशत कुणाच्या सोयीची असते, गरीब घरातल्या पोराला ‘ढ’ ठरवायची घाई कुणाला असते, यावर तो पानोपानी वाद घालतो. ‘प्रेरणादायी’ म्हटलं की या सगळ्यावर झाकण बसतं आणि वर एवढंच उरतं की, त्याला जमलं तर तुलाही जमेल. हे तर पुस्तकाच्या उलट झालं. आमच्या तालुक्यात दहावीला नापास झालेली मुलं भिवंडीच्या गोदामांत खोकी उचलतात. ती कमी जिद्दीची नाहीत. एक भुरा निसटला म्हणून दार उघडं होतं असं ठरत नाही.

माझी तक्रारही सांगते. लेखक कधीकधी चालू प्रसंग थांबवून त्याचं तात्पर्य सांगू लागतो. प्रसंग एवढा भक्कम असतो की तात्पर्याची गरज नसते. तिथं मला वर्गात बसल्यासारखं वाटलं, आणि शाळेवर एवढं रागावलेल्या पुस्तकात तसं वाटायला नको होतं. तरीही मी हे पुस्तक दहावीच्या निकालानंतर घरात तोंड लपवून बसलेल्या मुलाच्या हातात देईन. त्याच्या बापाच्या हातात त्याआधी.

गहू, भात आणि कात

‘सेपियन्स’चं मराठी भाषांतर आमच्याकडे हातोहाती फिरतं. युवाल नोआ हरारी त्यात म्हणतात की शेतीचा शोध ही माणसाची मोठी फसवणूक होती. शिकार करणारा, कंदमुळं गोळा करणारा माणूस कमी राबायचा, त्याच्या खाण्यात वैविध्य होतं. गव्हानं माणसाला कामाला जुंपलं आणि त्याची पाठ मोडली. या पानांचे स्क्रीनशॉट मी कितीतरी स्टोऱ्यांवर बघितले. खाली एकच प्रतिक्रिया: डोकं चक्रावलं.

चक्रावलं, मग पुढे काय? पाठीबद्दल हरारी बरोबर आहेत. जुलैत आवणीच्या दिवसांत आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, ती पुस्तक न वाचता तेच सांगेल. पण आधी गोळा करणारा, मग शेतकरी, मग कारखान्यातला माणूस अशी जी रांग पुस्तक लावतं, ती शहापुरात मोडते. आमच्या शेजारचं कातकरी कुटुंब पावसाळ्यात ओढ्यात मासे धरतं, रानभाज्या आणतं, दुसऱ्याच्या शेतात भात लावतं, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं. हरारींच्या पुस्तकात ज्या युगांमध्ये हजारो वर्षांचं अंतर आहे, ती सगळी युगं या घरात एका वर्षात बसतात.

आणि या माणसाला गरीब कुणी केलं? गव्हानं तर नक्की नाही. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. 1878 च्या वन कायद्यानं जंगलं राखीव होऊ लागली आणि जंगलावर जगणाऱ्यांचा हात त्यातून निघत गेला. म्हणजे इथे माणसाची फसवणूक पिकानं केली नाही, सरकारी कागदानं केली. हरारींच्या आकाशातून दिसणाऱ्या इतिहासात हा कागद फार बारीक दिसतो. मला पुस्तक आवडलं, ते झरझर वाचवतं. पण सगळ्या माणसांबद्दल बोलणारं पुस्तक आपल्या पाड्यावर टिकतं का, हे तपासल्याशिवाय त्याला डोक्यावर घेणं हा भोळेपणा आहे. आणि ही तपासणी जेरुसलेमला बसून होत नाही, आसनगावला बसून होते.

धरणाच्या कादंबऱ्या आणि नळ

आता घरचा विषय. मुंबईला सात जलाशयांतून पाणी जातं. त्यातले तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि भातसा हे आमच्या तालुक्यात किंवा त्याच्या वेशीवर आहेत. तानसा 1892 चं, मोडकसागर 1957 चं, मध्य वैतरणा 2014 चं. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि दर उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर टँकर येतो. हे वाक्य वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापलंय की ते वाचून आता कुणाचं काही हलत नाही.

म्हणून मी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ हातात घेतली. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. धरणानं उठवलेला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला जुन्या जागी परत जातो, आणि तोवर ती म्हैस रानटी झालेली असते. आमच्यासारख्या वाचकाला ही गोष्ट एका ओळीतच घायाळ करते. कादंबरी सावकाश चालते. कोल्हापूरकडची बोली आमच्या कानांना परकी, त्यामुळे पहिली तीसेक पानं रेटावी लागली. पण या सावकाशीत एक गोष्ट आहे. कादंबरी तुमच्याकडे दया मागत नाही. माणूस आणि जनावर समोरासमोर उभे राहतात आणि नक्की कोण विस्थापित झालंय, हे तुम्हाला ठरवावं लागतं.

त्यानंतर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ पुन्हा काढली. ही 1991 ची. लेखक सरकारी अधिकारी होते, आणि ते कादंबरीत कामी आलंय. पुनर्वसनाचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसा जातो, कुठे अडतो, कुणाचा खिसा गरम झाला की सुटतो, हे त्यांना आतून माहीत आहे. ‘रिंगाण’ माणसाच्या आत उतरते, ‘झाडाझडती’ कचेरीच्या आत. दोन्ही एकामागोमाग वाचा, या क्रमानं नव्हे, उलट क्रमानं.

पण दोन्ही पुस्तकं मिटल्यावर मला एक फरक छळत राहिला. त्या बाजूच्या धरणांचं पाणी मुख्यतः खालच्या अंगाच्या शेतीला जातं. उठवलेला माणूस निदान दुसऱ्याच्या उसाकडे बोट दाखवून शिव्या देऊ शकतो. आमच्याकडे भातसाला कालवे आहेत, नाही असं नाही. पण डोळ्यांसमोरून जे जातं ते पाइपात शिरतं. ज्याच्यासाठी आम्ही उठलो तो माणूस आम्हाला दिसतच नाही. तो ऐंशी-शंभर किलोमीटरवर, विसाव्या मजल्यावर नळ सोडतो आणि त्याला आमच्या गावाचं नावही ठाऊक नसतं. ज्याच्यावर रागवावं असा शेजारी नसलेलं हे विस्थापन आहे. त्याची कादंबरी अजून माझ्या हाती आलेली नाही.

या कादंबऱ्यांवर मुंबईत बसून लिहिलेली बरीच मतं मी वाचली. ‘विस्थापितांची वेदना’ हे दोन शब्द बहुतेकांत सापडतात. लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरातला नळ एकाही मतात सापडला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मुंबईकरानं धरणाच्या कादंबरीवर बोलू नये, असं मी म्हणत नाही. त्यानं बोलावंच. पण बोलताना आपण कुठे उभे आहोत ते सांगावं. ‘मी हे पुस्तक वाचलं आणि मी भातसाचं पाणी पितो’, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी त्या मताला वजन आलं असतं.

‘जागा होतो’ म्हणजे काय?

आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. मध्यंतरी गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ घेतलं होतं. 1970 चं पुस्तक, 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. टिटवाळा म्हणजे आमच्याच लोकलच्या वाटेवरचं स्टेशन. तिथे आलेल्या वारल्यांपासून पुढे तलासरी-डहाणूकडचा लढा उभा राहिला. वेठबिगार, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी, जमीनदारांचा मार, आणि मग ‘वेठ करणार नाही’ म्हणून उभे राहिलेले लोक. सगळ्यांना पुस्तक आवडलं होतं. बोलणं ‘थोर’ या शब्दाशी येऊन थांबायच्या बेतात होतं.

तेवढ्यात ठाकूर पाड्यावरची एक मुलगी, नर्सिंग करणारी, म्हणाली, “मला नावच पटलं नाही. जागा होतो म्हणजे आधी झोपला होता का? वेठीला जाणारा माणूस झोपत तरी होता का?”

पुढचे दोन तास आम्ही भांडलो. एक जण म्हणाला, झोप म्हणजे भीती. भीती गेली, एवढाच त्या नावाचा अर्थ. दुसरा म्हणाला, पुस्तक लिहिणाऱ्या बाई शहरातून आल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलेलं नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. मुलगी म्हणाली, ते ठीक, पण आमची आजी सांगायची की लोक पूर्वीही रात्री पळून जायचे, काम मुद्दाम बिघडवायचे, गाण्यातून सावकाराची टिंगल करायचे. ते काय झोपेत?

माझं मत त्या दिवशी बदललं नाही, पण ते जड झालं. पुस्तक मला आजही मोठं वाटतं. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात माणूस माणसाशी कसा वागत होता, हे ज्याला माहीत नाही त्यानं ते वाचलंच पाहिजे. पण आता त्याची शिफारस करताना मी त्या मुलीचा प्रश्नही सोबत देते. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्या मुलीनं कुठे समीक्षेचा कोर्स केला नव्हता. तिच्याकडे एक आजी होती आणि गप्प न बसण्याची हिंमत होती. मत द्यायला एवढं पुरतं.

हरकती

पहिली हरकत नेहमीची: लोक वाचतायत हेच खूप झालं, त्यात आणखी टीका कशाला? हे ऐकलं की मला मुरबाड तालुक्यातलं फांगणे आठवतं. 8 मार्च 2016 ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या, पाटी घेऊन बसलेल्या आज्यांचे फोटो देशभर गेले. उपक्रम चांगलाच आहे. पण त्यावरच्या ज्या बातम्या माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत आज्यांना विचारलं होतं: आता कसं वाटतं? सही करता येते का? कोणता धडा कंटाळवाणा आहे, कोणती गोष्ट खोटी वाटते, हे विचारलेलं मला दिसलं नाही. साठ-सत्तर पावसाळे काढलेल्या बाईला गोष्टीतलं खोटं कळत नसेल? नव्या वाचकाचं कौतुक करणं सोपं असतं. त्याचं मत विचारणं म्हणजे त्याला आपल्या बरोबरीचा मानणं. ‘वाचतायत हेच खूप’ म्हणणारा माणूस वाचकाला कायम पहिलीत बसवून ठेवतो.

दुसरी हरकत: आम्ही काही समीक्षक नाही. भाकरी करपली हे सांगायला आचारी असावं लागत नाही. कुठे करपली, का करपली, हे पुढे शिकता येतं. समीक्षकांची परिभाषा नको आहे. कुठल्या पानावर मन उडालं, कुठलं माणूस खोटं वाटलं, कुठे पुस्तक बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघत बसलात, एवढं सांगा.

तिसरी हरकत जास्त गंभीर आहे: मराठी पुस्तकाच्या हजार प्रती निघतात, त्याही वर्षानुवर्षं पडून राहतात, छोटा प्रकाशक कसाबसा तग धरून असतो, त्याला टीकेनं मारायचं का? माझ्या मते त्याला टीका मारत नाही. खोट्या स्तुतीनं एक प्रत खपते आणि फसलेला तो वाचक पुढच्या चार प्रती घेत नाही. आणि प्रकाशकाची एवढीच काळजी असेल, तर सकाळी ‘अप्रतिम’ म्हणून त्याच पुस्तकाची पीडीएफ संध्याकाळी ग्रुपवर टाकणाऱ्यांना आधी आवरा. त्या पीडीएफवर तर कुणी मतही देत नाही. डाउनलोड झालं की वाचल्याचं समाधान मिळतं.

एका कार्यक्रमात एका वक्त्यानं आम्हाला बजावलं होतं, ‘पुस्तकाबद्दल वाईट बोलू नये, पुस्तक हे दैवत असतं.’ दैवताला हात जोडायचे असतात. पुस्तक हातात धरायचं असतं, त्यात पेन्सिलीनं खुणा करायच्या असतात, आणि पटलं नाही तर तसं म्हणायचं असतं. देव्हाऱ्यात ठेवलेलं पुस्तक कुणी उघडत नाही.

हे कशासाठी?

कुणी म्हणेल, एवढं काय बिघडतं? पुस्तकंच तर आहेत.

मुरबाडमधल्या काळू नदीवर धरण बांधायचा प्रस्ताव आहे. वनखात्याची मंजुरी नसताना सुरू झालेलं काम 2012 साली मुंबई उच्च न्यायालयानं थांबवलं. प्रस्ताव संपलेला नाही, आणि तिथली माणसं अजून त्याच्याशी झुंजतायत. तिकडे बारवी धरणाची उंची वाढली आणि मुरबाडमधल्या गावपाड्यांना उठावं लागलं. अशा प्रत्येक कामाआधी एक जाड अहवाल येतो. तोही वाचायचा मजकूरच आहे, त्याला कादंबरी म्हणत नाहीत एवढंच. त्यातही कुणीतरी निवेदक असतो, काही माणसं असतात, काही वगळलेली असतात. ‘बुडीत क्षेत्र’, ‘बाधित कुटुंबं’ असे गुळगुळीत शब्द असतात. 2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला आपल्या जंगलाबद्दल बोलायचा हक्क दिला. पण तो वापरायला कुणीतरी उभं राहून म्हणावं लागतं: या पानावर आमचा पाडा नाही. हे लिहिलंय ते खोटं आहे. हा शब्द आम्हाला मान्य नाही.

चार कादंबऱ्यांवर भांडल्यानं धरण थांबतं, असा माझा दावा नाही. पण छापलेल्या मजकुरासमोर मान तुकवायची सवय आणि त्याला उलट प्रश्न विचारायची सवय, या दोन्ही सवयीच आहेत. ज्या मुलीनं परुळेकरांच्या पुस्तकाचं नाव अडवलं, ती उद्या ग्रामसभेत साहेबांच्या कागदातला एक शब्द अडवेल, अशी मला खात्री वाटते. जो मुलगा पाच वर्षं फक्त ‘अप्रतिम’ लिहीत आला, त्याच्याबद्दल मला तशी खात्री नाही.

तर मग काय करायचं?

फार काही नाही. पुस्तकावर लिहिताना आपण कुठले, काय करतो, हे एका ओळीत सांगा. मत कुठून येतंय ते कळू द्या. एक तरी प्रसंग नावानिशी सांगा. एक तरी न पटलेली गोष्ट सांगा. हे पुस्तक कुणासाठी नाही, तेही सांगा; त्यानं कुणाची तरी दिवसाची मजुरी वाचेल. अर्धवट सोडलं असेल तर कितव्या पानावर सोडलं ते लिहा, त्यात लाज कसली?

आणि हे सगळं फोनवरच करायला पाहिजे असं नाही. गावातल्या वाचनालयातल्या पुस्तकाच्या मागे तारखांचा कागद चिकटवलेला असतो. ग्रंथपालांना विचारून त्याच्याखाली आणखी एक कोरा कागद चिकटवा. वाचून झालं की तिथे दोन ओळी लिहायच्या, नाव नको असेल तर नुसतं गाव लिहायचं. पुढचा वाचक खाली उत्तर लिहील. डोळखांबच्या वाचकानं लिहिलेल्या मतावर खर्डीच्या वाचकानं ‘साफ चूक’ असं लिहिलेलं मला वाचायचंय. त्या कागदाला नेट लागत नाही, आणि त्यावर अंगठा दाखवायची सोयही नाही.

तोवर पुस्तक संपलं की फोटो टाका, चहाचा कपही ठेवा, माझी हरकत नाही. फक्त खाली एक वाक्य असं लिहा की ज्याच्याशी कुणालातरी भांडता येईल.